दोघांत एक लॅपटॉप

आमच्या गल्लीत भांडण झालं की लोक आधी शेजाऱ्यांना नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात भांडायचे, मग एकमेकांना कोर्टाची धमकी द्यायचे आणि शेवटी निम्म्यांना बोलवायचे. निम्मे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव त्यांच्या बायकोच्या तरी लक्षात आहे की नाही, शंकाच आहे. काचेच्या दुकानात काच कापणारा माणूस. अंगानं काटकुळा, कानावर कायम पेन्सिल, आणि कुठल्याही वादावर एकच तोडगा, "निम्मं निम्मं करा." म्हणून निम्मे. पोरंटोरं निम्मेकाका म्हणत. मी वयानं बराच मोठा, तेव्हा मी नुसतं निम्मे म्हणे, आणि तोंडावर म्हणे. ते कधी रागावले नाहीत. रागावलेच असते तर तेही निम्मेच.

त्यांच्या न्यायाच्या कथा मी आल्यागेल्याला सांगत असे, थोडं तिखटमीठ लावून. आईच्या पश्चात दोन बहिणी एका मोठ्या आरशावरून हमरीतुमरीवर आल्या. निम्म्यांनी दोघींना भाजी आणायला पिटाळलं आणि त्या परत येईपर्यंत आरसा मधोमध कापून ठेवला. कडा घासून गुळगुळीतसुद्धा केल्या. दोघींनी गळा काढला. निम्मे मला म्हणाले, "दोघी सारख्याच रडल्या ना? मग वाटणी बरोबर झाली."

हे त्यांचं शास्त्र होतं. एक खूश आणि एक नाराज, म्हणजे कुठंतरी लबाडी झाली. दोघं सारखेच नाराज, म्हणजे न्याय. आणि दुसरा नियम असा, की वाटणी करताना वाटेकरी समोर नसावेत. त्यांचे चेहरे बघून हात हलतो, रेघ वाकडी जाते. माणसांना बाहेर घालवायचं, रेघ ओढायची आणि मग आत बोलवायचं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन भावांच्या घरात त्यांनी अशीच भिंत घातली होती. भिंत सरळ आली, फक्त मोरीचं दार एका भावाकडे आणि मोरी दुसऱ्याकडे गेली. पण मापात सूतभर फरक नव्हता, हे दोघंही भाऊ मान्य करतात.

अशा माणसाला देवानं मुलंही दोनच दिली, आणि दोघांना एकाच वर्षी कम्प्युटर हवा झाला.

थोरली विद्यापीठात शेवटच्या वर्गात होती. विषय काय, तर रस्त्यावरून माणसं कशी चालतात. मी म्हटलं, "अगं, पायांनी चालतात. याला विद्यापीठ कशाला?" तर म्हणाली, "आजोबा, कुठं थांबतात, कुठं घुसतात, कुणाला वाट देतात, ते मोजायचं असतं. मग रस्ता तसा आखायचा." पोरगी हुशार, आणि बोलायला लागली की थांबत नसे. कुठल्या कम्प्युटरचं काय चांगलं, कुणाची बॅटरी किती टिकते, कोणता उचलायला हलका, हे ती मला तासभर सांगे आणि मी समजल्यासारखी मान हलवी. एका दूरच्या मोठ्या संस्थेनं तिला पुढच्या संशोधनासाठी निवडलंही होतं, शिष्यवृत्तीसकट. अट एकच. प्रबंध मुदतीत हातात पडला पाहिजे.

धाकटा तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. त्याला खेळायचं होतं. गल्लीतलं चेंडूफळीचं नव्हे, पडद्यावरचं. त्याची पाच जणांची टोळी होती, त्यातले दोन जण कुठल्या देशातले हे त्यालाही ठाऊक नव्हतं. कानाला यंत्र लावून तो त्यांच्याशी असा बोलायचा की जिन्यातून जाणाऱ्याला वाटावं घरात दरोडा पडलाय. "मागून आले! मागून आले! सोडू नको त्याला!" त्याची आई सुरुवातीला दोनदा लाटणं घेऊन धावली होती. मुलगा वाईट नव्हता, सांगून ठेवतो. बहिणीवर जीव होता त्याचा.

दुकानात मी बरोबर गेलो होतो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण अशा ठिकाणी बोलावणं येईपर्यंत मजा संपून जाते.

थोरलीनं एका पातळ, चपट्या लॅपटॉपवर बोट ठेवलं. "बाबा, हा. दिवसभर चार्जिंग लागत नाही. विद्यापीठात खांद्यावर टाकून नेता येईल."

धाकटा दुसऱ्या टोकाला उभा. त्याच्यासमोर एक भलं मोठं खोकं, आत लाल-निळे दिवे. "बाबा, याचं ग्राफिक्स कार्ड बघा. तिच्या त्या पापडावर माझा एकसुद्धा गेम उघडणार नाही."

"आणि तुझं ते कपाट मी वर्गात न्यायचं? हमाल करून?"

"मी येतो की हमाल म्हणून. दे पैसे."

निम्मे दोन्ही टोकांच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मला तिथंच कळलं. त्यांनी दुकानदाराला विचारलं, "या दोन्हींच्या मधलं काय आहे?"

दुकानदार मुरलेला होता. त्यानं एक लॅपटॉप काढला. लॅपटॉप होता, म्हणजे थोरलीचं म्हणणं राहिलं. आत ग्राफिक्स कार्ड होतं, म्हणजे धाकट्याचंही राहिलं. वजन एवढं की धाकट्यानं उचलून माझ्या हातात दिला तेव्हा मी आधी पाय सावरले. चार्जर वेगळाच, विटेएवढा. चालू केला तर पंखा असा घरघरला की बाजूचं गिऱ्हाईक मागं वळून बघायला लागलं. बॅटरी? "तासभर जाईल, दीड तास धरा," दुकानदार म्हणाला, आणि दीड म्हणताना त्यानं छताकडे बघितलं. गेमसाठी? "चालतील. सगळ्यात भारी नाही, पण चालतील."

थोरलीचं तोंड पडलं. धाकट्याचंही पडलं. निम्म्यांनी दोन्ही तोंडं नीट बघून घेतली आणि म्हणाले, "बांधा."

निघताना दुकानदारानं, त्याचं भलं होवो, एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. "ताईंचं काम महत्त्वाचं दिसतंय. एक बाहेरची हार्ड डिस्क घेऊन ठेवा. कामाची दुसरी प्रत त्यात राहील."

"ती डिस्क कुणाची?" निम्म्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"एकीला दिली तर दुसऱ्यालाही द्यायला नको?"

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. डिस्क घेतली नाही.

मग प्रश्न आला आत काय घालायचं. थोरलीच्या मार्गदर्शक मॅडमचं सगळं काम लिनक्सवर चाले, माणसं मोजायचं त्यांचं सॉफ्टवेअर तिथंच धड चालायचं. धाकट्याचे गेम विंडोजवर. दोघं पुन्हा शिंगं रोखून उभे. पण इथं निम्म्यांना आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या मनासारखी वस्तू भेटली. दुकानातल्या माणसानं सांगितलं, दोन्ही घालता येतं. डिस्कचे दोन भाग करायचे, एकात हे, एकात ते. त्यानं पडद्यावर एक लांब पट्टी दाखवली, आणि माउसनं मधली रेघ धरून इकडे तिकडे सरकवून दाखवली. निम्मे वाकून बघत राहिले. काचेवर हिरा फिरवावा तशी रेघ, आणि वर ना धूळ ना कपच्या. "बरोब्बर मधे आणा," ते म्हणाले. "थोडी डावीकडे. हां. बास."

घरी मशीन चालू केलं की ते आधी विचारायचं, कुठं जायचंय, इकडे की तिकडे. निम्म्यांची बायको म्हणाली, "या घरात मला कुठं जायचंय हे विचारणारं पहिलंच कुणीतरी आलं."

सकाळ थोरलीची, संध्याकाळ धाकट्याची. थोरलीनं तो धोंडा आठवडाभर विद्यापीठात नेला, मग पाठ धरली, मग नेणं सोडलं. तिकडची कामं ती तिकडच्या कम्प्युटरवर रांग लावून करी आणि खरं काम घरी. धाकट्याच्या टोळीत इतरांची मशीनं तगडी, ह्याचं ऐन वेळी धापा टाकी, त्यामुळे त्याला कायम मागं थांबून पहारा द्यायचं काम मिळे. दोघं सारखेच कुरकुरत. निम्मे समाधानी होते.

तर मग माझी खिडकी. आम्ही एकाच इमारतीत, पण माझं घर चौकाच्या बाजूचं. थोरली एके दिवशी आली आणि म्हणाली, "आजोबा, तुमच्या खिडकीत एक कॅमेरा लावू? खालचा चौक टिपायचाय. काही महिने."

मी म्हटलं, "लाव की! पण मला बघायला मिळालं पाहिजे."

लपवण्यात अर्थ नाही, माझे डोळे लकाकले होते. चौकातून कोण कुणाबरोबर जातं, हे मी वर्षानुवर्षं नुसत्या डोळ्यांनी बघत आलेलो. आता पुरावाच राहणार! शिंप्याची मेव्हणी दुपारी औषधांच्या दुकानात कसली औषधं घेते, याचा एकदाचा निकाल लागणार! थोरलीनं कॅमेरा लावला, दर आठवड्याला येऊन कार्ड काढून न्यायची, कम्प्युटरात उतरवायची, कार्ड पुसून पुन्हा लावायची. मी आशेनं तिच्या घरी गेलो. तिनं पडदा माझ्याकडे वळवला तर काय, सगळा चौक ठिपक्यांचा. माणूस म्हणजे ठिपका. मागं एक बारीक शेपूट.

"हे काय गं?"

"चेहरे दिसले नाही पाहिजेत, आजोबा. नियम आहे."

"मग शिंप्याची मेव्हणी कुठली?"

"कुठलीच नाही." आणि हसली. मग म्हणाली, "हा मात्र तुम्ही. रोज सकाळी बाहेर येता, चौकात सहा ठिकाणी थांबता. माझ्या अख्ख्या अभ्यासात एवढा थांबणारा ठिपका दुसरा नाही."

मला फार बरं वाटलं, खोटं का बोला.

सात-आठ महिने हे चाललं. आणि वेळेवरच झालं म्हणायचं, कारण तिचं टिपून संपलं आणि चौक खणायला घेतला. वरून पूल जाणार होता. पत्रे उभे राहिले, दुकानं उठली, माणसं मागच्या गल्लीतून जायला लागली. तिला उलट आनंदच झाला. "आजोबा, आता तो चौक फक्त माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, असं कुणाकडेच नसतं."

एवढी मोठी चित्रफीत इंटरनेटवर चढवायला गेलं की धाकट्याचा गेम अडायचा आणि दोघांची जुंपायची. तेव्हा निम्म्यांनीच तोड काढली होती. "दुसरी प्रत त्याच्या बाजूला ठेव. दोन घरांत दोन प्रती. अजून काय पाहिजे?" डिस्क एकच आहे, घरं नुसती म्हणायची, हे थोरलीला कळत नव्हतं असं नाही. पण बाहेरच्या डिस्कचा विषय काढला की पुन्हा कुणाची, कुणाची सुरू व्हायचं. तिनं मनात म्हटलं, थोडेच दिवस राहिलेत. अशा थोड्याच दिवसांत माणसाचं वाटोळं होतं.

धाकट्याच्या टोळीचा कुठलासा सामना ठरला. नवा गेम उतरवायचा होता आणि त्याच्या बाजूला जागा नाही. तो बापाकडे गेला. "माझ्या निम्म्यात तिचं सामान आहे. हा न्याय आहे का?"

न्याय हा शब्द त्या घरात जपून वापरायला हवा होता.

निम्म्यांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन घरी राहिले. थोरली मॅडमना शेवटचा भाग दाखवायला गेली होती, धाकटा कॉलेजात, बायको माहेरी. वाटेकरी सगळे बाहेर. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि ती पट्टी शोधून काढली. थोरलीच्या बाजूला थोडी जागा रिकामी दिसत होती. शेवटची मोजणी करताना लागेल म्हणून तिनं ती राखून ठेवलेली. निम्म्यांना एवढंच दिसलं की एकीकडे रिकामं पडलंय आणि दुसरीकडे पाय ठेवायला जागा नाही. त्यांनी रेघ धरली आणि सरकवली.

काचेचं काम असतं तर टक् आवाज येऊन संपलं असतं. इथं मशीन म्हणालं, वेळ लागेल, बंद करू नका. निम्मे बसले. चहा करून प्यायले. पुन्हा बसले. हिरवी पट्टी अर्ध्यावर येऊन थांबली ती थांबलीच. त्यांना वाटलं अडकलं. काचेत चीर मधेच थांबली तर पलीकडून हलकेच ठोकतात. त्यांनी बटण दाबून मशीन बंद केलं आणि पुन्हा चालू केलं.

या वेळी ते काहीच विचारीना. इकडेही नाही, तिकडेही नाही. काळा पडदा आणि एक ओळ.

आता कुणीही माणूस मुलीला फोन करेल. निम्म्यांनी नाही केला. त्यांना वाटलं, वाटेकरी परत यायच्या आत निस्तरलं म्हणजे झालं. लॅपटॉप बगलेत मारला आणि कोपऱ्यावर मोबाइल-कम्प्युटर दुरुस्त करणारा बसतो, त्याच्याकडे नेला. मी तेव्हा तिथं माझा चार्जर घेऊन उभा होतो, म्हणून पुढचं मी कानांनी ऐकलंय. आधीची हकिगत मला निम्म्यांनीच नंतर सांगितली.

दुरुस्तीवाला बघून म्हणाला, "काका, हे सगळं पुसून नव्यानं घालावं लागेल. आत काही महत्त्वाचं आहे?"

निम्मे म्हणाले, "मुलांचं आहे. अभ्यासाचं एकीकडे आणि खेळाचं एकीकडे."

"हां, ते काय, परत घालता येतं. दोन्ही घालून देतो."

तो सॉफ्टवेअरबद्दल बोलत होता. निम्म्यांना वाटलं सगळ्याबद्दल. मला काय वाटलं? मला वाटलं तो पोरगा जाणतो आहे, आणि मी त्याच्या नव्या लग्नाची चौकशी करत होतो.

निम्मे फक्त एवढंच म्हणाले, "घाला. पण दोघांच्या बाजू अगदी सारख्या ठेवा."

दुपार टळायच्या आत झालं. नवंकोरं, दोन्ही बाजू सारख्या. निम्मे लॅपटॉप घेऊन माझ्याबरोबर चालत आले, आणि सबंध वाटेत खूश होते. "रेघ सरकवायची नव्हतीच," म्हणाले. "पहिली होती तीच बरोबर होती."

संध्याकाळी थोरली आली. मी त्यांच्याच घरी बसलो होतो, बिस्किटं खात. तिनं मॅडमचं म्हणणं सांगितलं, सगळं आवडलं म्हणून, एक तक्ता तेवढा नव्यानं काढायचा. भाऊ अजून आला नव्हता, म्हणून त्याच्या वेळेत तिनंच मशीन चालू केलं. ते नेहमीसारखं विचारू लागलं. ती तिच्या बाजूला गेली. मी तिच्या पाठीमागं होतो, मला पडदा दिसत होता. निळा, स्वच्छ, कोपऱ्यात एक-दोन चिन्हं. ती मशीन बंद करून भावाच्या बाजूला गेली. तिथंही स्वच्छ. पुन्हा स्वतःच्या बाजूला आली.

"बाबा," ती म्हणाली, "आज कुणी हात लावला होता?"

निम्म्यांनी सांगितलं. सगळं, क्रमानं, काही न लपवता. शेवटी म्हणाले, "आता दोघांचं समान आहे."

धाकटा दारात उभा होता. त्याच्या हातातून दप्तर गळून पडलं. थोरली रडली नाही. तिनं विचारलं, "त्या दुकानाचा नंबर आहे?" आणि आम्ही सगळे तिकडे गेलो. दुरुस्तीवाला बिचारा पांढराफटक पडला. "ताई, मी विचारलं होतं काकांना." त्यानं स्वतःच्या ओळखीच्या एका तज्ज्ञाकडे नेलं, त्यानं दुसऱ्याकडे धाडलं. सगळ्यांचं एकच. जुन्या जाडजूड डिस्कमधून पुसलेलं खरवडून काढता येतं, या नव्या जातीच्या डिस्कमधून एकदा गेलं की गेलं. एका जागी तिला एक फाइल मिळाली. नाव होतं, आत काही नव्हतं.

धाकट्याचं काय गेलं? काहीच नाही. त्याचे गेम, त्याची बक्षिसं, त्याची टोळी सगळं दूर कुठंतरी कंपनीकडे साठवलेलं. नाव टाकलं की संध्याकाळपर्यंत जसंच्या तसं परत. तो सामना तो खेळला नाही. त्यानं बहिणीला सांगितलंही, की मी पुन्हा कधी खेळणार नाही. ती म्हणाली, "तू खेळ रे. त्यानं काय होणारे?"

लिहिलेली पानं मॅडमकडे ईमेलनं गेलेली होती, ती वाचली. पण ज्याच्यावर लिहिलं ते नव्हतं. ठिपके नव्हते. परीक्षक पहिला प्रश्न विचारणार, दाखवा. मॅडमनी मुदतवाढीसाठी खटपट केली. संस्थेनं सभ्य भाषेत कळवलं, पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज करावा. नव्यानं म्हणजे नवा चौक, नवे महिने, आणि शिष्यवृत्तीची योजना त्या वर्षापुरतीच होती. मुदतीच्या दिवशी ती घरीच होती. कपडे वाळत घालत होती. निम्मे दुकानात गेले नाहीत. खुर्चीवर बसून राहिले, हातावर हात ठेवून.

माझ्याकडे ते एकदाच आले. म्हणाले, "तुमच्या खिडकीत कॅमेरा पुन्हा लावायचा. मी लावतो. ती नको म्हणते."

मी त्यांना खिडकीशी नेलं. खाली पत्रे, चिखल, आणि क्रेनचा खांब. माणूस एक नाही. निम्मे बराच वेळ बघत राहिले. मला काहीतरी चेष्टेचं सुचायला हवं होतं, एरवी सुचतंच. नाही सुचलं.

त्यानंतर वरच्या मजल्यावरच्या त्या दोन भावांचं गच्चीवरून वाजलं, तेव्हा त्यांना बोलवायला माणूस गेला होता. निम्म्यांनी दाराआडूनच सांगितलं, "तुम्हीच काय ते करा." भाऊ कोर्टात गेले. अजून आहेत.

थोरलीला एका विमा कचेरीत काम मिळालं. सकाळी मागच्या गल्लीतून जाते, संध्याकाळी येते. बापाशी चांगलं बोलते, औषधाची आठवण करते, ताट वाढते. तेच निम्म्यांना सोसत नाही. एकदा मला म्हणाले, "एकदा तरी ओरडली असती." लॅपटॉप धाकट्याच्या खोलीत आहे. आता दोन्ही बाजू त्याच्याच. तिनंच दिल्या.

परवा ती जिन्यात भेटली. मला राहवेना, बोलणं काढावं म्हणून विचारलं, "काय गं, तुझ्या कचेरीत कम्प्युटर कोणता आहे? चांगला का? आत काय घातलंय, लिनक्स की ते दुसरं?"

ती थांबली. खरंच आठवून बघत होती.

"बघितलं नाही हो, आजोबा," म्हणाली, आणि वर गेली.